चार ठोक्यांची मोकळी जागा

मागच्या महिन्यात फोनवर तुम्हा दोघांचं भांडण ऐकलं. मोठा म्हणत होता, तुमच्या त्या आवडत्या बँडचं नवं गाणं ऐकण्यासारखं नाही, ते आता स्टेडियममध्ये गातात, गिटारचा खरखरीतपणा घासून घासून गुळगुळीत केलाय, आणि म्हणून त्याने त्यांची जुनी गाणीसुद्धा फोनमधून काढून टाकली. धाकटी म्हणत होती, गाणं छानच आहे, तुला फक्त ते सगळ्यांना आवडतं याचा राग आहे. मग कोणीतरी दार आपटलं आणि फोन माझ्या लेकीने, तुमच्या आईने घेतला. मी विचारलं, "तुझं काय म्हणणं?" ती म्हणाली, "माझं काहीच म्हणणं नाही."

हे खरं नाही. या विषयावर तुमच्या आईचं एकेकाळी फार ठाम म्हणणं होतं, आणि त्यापायी तिने अकोल्यात एक भरलेलं मैदान गप्प बसवलं होतं. ती तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी क्रमाने लिहून ठेवते.

या भरधाव, गिटारवरच्या गाण्यांच्या प्रकाराला पॉप-पंक म्हणतात हे मला तुमच्याकडून कळलं. आमच्या घरी त्याला 'मागच्या खोलीतला आवाज' म्हणत. अमरावतीच्या राजापेठेतल्या आपल्या घरामागे एक टिनाची खोली होती. हिवाळ्यात तिच्यात कूलर ठेवायचे, उन्हाळ्यात कूलर बाहेर आले की ती रिकामी. तुमच्या आजोबांनी ती कॉलेजच्या तीन मुलांना वाजवायला दिली. अट एकच होती, आजोबांच्या दुपारच्या झोपेत वाजवायचं नाही. मी तेव्हा कॉलेजातल्या इंग्रजीच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले होते, आणि दुपारी झोपण्याची सवय मला नव्हती, म्हणून माझ्यासाठी अट नव्हती.

गाणारा मुलगा माळ्याचा. शहराबाहेर त्यांची थोडी जमीन होती, विहिरीला बारमाही पाणी, त्यावर वांगी, मेथी आणि झेंडू. आई भाजीबाजारात बसायची. ड्रम वाजवणारा अकोल्याचा, मुसलमान घरातला. त्याच्या वडिलांचं गाद्या-रजया भरून देण्याचं दुकान होतं आणि तो इथे इंजिनिअरिंगला होता. तिसरा बँकेतल्या अधिकाऱ्याचा मुलगा. अमेरिकन पोरांच्या गाण्यांच्या सीड्या त्याच्या चुलतभावाकडून येत, आणि एवढं सोडलं तर या हकिकतीत त्याचं फारसं काम नाही.

त्या सीड्या मी ऐकल्या. शब्द नीट लागत नव्हते तेव्हा गाणाऱ्याने मला विचारलं, "काकू, हे काय म्हनून राहिले?" मी ऐकून सांगितलं की ही मुलं आपल्या गावाला कंटाळली आहेत, आईबापांना कंटाळली आहेत, आणि एक मुलगी त्यांच्याशी बोलत नाही. तो म्हणाला, "म्हंजे आमच्यासारखंच." मी म्हटलं, त्यांच्याकडे दिवसभर वीज असते. "थोच फरक," तो म्हणाला.

त्यांनी त्या गाण्यांचा वेग घेतला, नाकातला सूर घेतला आणि शब्द स्वतःचे घातले, ते वऱ्हाडीत. ट्यूशन क्लासवर एक गाणं होतं, बडनेऱ्याच्या ऑटोवाल्यांवर एक, आणि सरकीच्या ढेपेच्या वासावर एक. मला संगीतातलं फारसं कळत नाही, पण त्यातलं प्रत्येक गाणं ऐकताना हसू येई, आणि ते हसू आणण्यासाठीच केलेलं होतं.

आता मुख्य गाणं. ते असं सुरू होई:

लाइन गेली, पंखा गेला, मास्तर काई जाईना,
फळ्यावरचं गनित बावा, कोनालेच येईना,
सारे इचारतेत, पुढं काय?

एका संध्याकाळी सराव चालू असताना, बरोबर या 'पुढं काय'वर वीज गेली. गिटार मुकी झाली, माईक मुका झाला. ड्रमला वीज लागत नाही, आणि तो मुलगा डोळे मिटून वाजवायचा, त्यामुळे तो वाजवतच राहिला. चार ठोके नुसता ड्रम. तुमची आई तेव्हा गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. परीक्षा झालेली, पुढे काय करणार हे ज्याला-त्याला सांगून ती वैतागलेली. तिने वरूनच ओरडून उत्तर दिलं, "आमाले काय मालूम!"

खालून तिघंही हसले. वीज आली तेव्हा त्यांनी गाणं पुन्हा धरलं आणि त्या जागी मुद्दाम थांबले. तुमच्या आईने पुन्हा उत्तर दिलं. त्या दिवसापासून ती जागा तशीच राहिली. 'पुढं काय' म्हणायचं, गिटार बंद करायची, चार ठोके फक्त ड्रम, आणि त्या चार ठोक्यांत समोरच्यांनी म्हणायचं, "आमाले काय मालूम!"

हे त्यांनी शोधून काढलं नव्हतं, आपल्याकडे ते आधीपासूनच होतं. माझ्या माहेरी, अकोल्याला, गल्लीत भजन असे. बुवा ओळ सुरू करी आणि तिचा शेवट बसलेली माणसं उचलत. त्याला झील देणं म्हणतात, आणि झील देणारे ते झीलकरी. आमच्या गल्लीत त्याचा एक नियमही होता. तीन कडव्यांपर्यंत झील मिळाली नाही, तर बुवाने टाळ खाली ठेवायचे आणि माणसांत येऊन बसायचं, मग दुसरा कोणी उभा राही. त्यात कोणी कोणाला वाईट बोलत नसे. पण टाळ ठेवलेला बुवा पुढे बरेच दिवस चहाला थांबत नसे, हे मी लहानपणी पाहिलं आहे. आपल्या गाणाऱ्याचा आजाही त्याच्या गावचा भजनी बुवा होता, त्यामुळे तो नियम त्याला सांगावा लागला नाही.

वर्षभरात ते गाणं अमरावतीच्या प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गेलं. कॅसेटवरून कॅसेट भरल्या गेल्या. राजापेठेतल्या क्लासमधून सुटलेली मुलं गाड्या चालू करता करता एकमेकांना विचारत, "पुढं काय?" आणि रस्त्यापलीकडून उत्तर येई. ही पोरं स्वतःला झीलकरी म्हणवून घेऊ लागली. यवतमाळला, मूर्तिजापूरला, धामणगाव रेल्वेला झीलकरी झाले. पहिली झीलकरी तुमची आई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती ते मिरवत नसे, पण कोणी विसरलं तर आठवण करून देई.

ती वर्षं कोणती, हे तुम्हाला पुस्तकात सापडेल. सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर खाली, कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याची एक चौकट असे. चौकट तीच, आत फक्त गावाचं नाव रोज बदले. मी पेपर वाचून घडी करून ठेवायची आणि मग चहाचे कप विसळायची. मागच्या खोलीत गाणाऱ्या मुलांनी त्या चौकटीवर गाणं केलं नाही. मी एकदा गाणाऱ्याला याबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला, "काकू, थे घरोघरी हाय. आमच्याकडं पोट्टे घडीभर हासाले येतेत."

मग मुंबई-दिल्लीची माणसं कॅमेरे घेऊन वऱ्हाडात येऊ लागली. दिवसा ती गावांत जात, संध्याकाळी अमरावतीच्या हॉटेलात परतत. त्यांच्यातल्या एकाने एका गॅदरिंगमध्ये हे गाणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी आपल्या मागच्या अंगणात कॅमेरा लागला. एका बाईंनी गाणाऱ्याला विचारलं, तुमचे वडील कापूस लावतात का?

"नाई, आमी वांगे लावतो," तो म्हणाला.

"पण पाऊस न पडल्यामुळे त्रास होत असेल?"

"हीर हाय आमची. पानी भरपूर हाय."

बाईंनी थोडा विचार केला आणि विचारलं, तुमच्या गाण्यात हे 'पुढं काय' येतं, तो या मातीचाच प्रश्न नाही का? तो मुलगा बावीस-तेवीसचा होता. समोर कॅमेरा होता. तो म्हणाला, "हो, तसंही म्हनता येते."

टीव्हीवर दाखवलं तेव्हा वांगी आणि विहीर त्यात नव्हती. भेगाळलेली जमीन दाखवली, ती कुठली कोण जाणे, आणि तिच्यावर याचा आवाज.

त्यानंतर सगळं भराभर झालं. एका कंपनीने तिघांना मुंबईला बोलावलं. तीन महिन्यांनी सीडी आली, वर गाणाऱ्याचा एकट्याचा, मान खाली घातलेला फोटो. गाणं तेच होतं पण संथ केलेलं. मास्तर आणि गणित गेलं होतं, तिथे बाप आणि वावर आलं होतं. आणि 'सारे इचारतेत, पुढं काय' याच्यानंतर, जिथे चार ठोके मोकळे असत, तिथे व्हायोलिन होतं.

ते कसं झालं हे ड्रमवाल्याने मला नंतर सांगितलं. तो खोलीतलं सामान न्यायला आला होता आणि ओट्यावर चहा घेत बसला होता. "मॅडम, जो साहब म्यूझिक लगा रहे थे ना, उन्होंने सुना और बोले, यहाँ तो खाली पडा है. आमी म्हटलं, खाली नाई साहेब, थे पब्लिकचं हाय. तर बोले, पब्लिक स्टुडिओ में कहाँ है? भर दो."

"आणि गाणारा?"

"वो चुप रहा, मॅडम. मैं भी चुप रहा, झूठ क्यों बोलूँ. मला तं ड्रमबी वाजवू नाई दिले. मशीनचे लावले. मैं चाय पीते बैठा." मग तो हसला. "अब्बा बोले, चल अच्छा हुआ, अब गद्दे भर."

ती सीडी देशभर गेली. पुण्याहून, मुंबईहून, थेट कोलकात्याहूनही गाणाऱ्याला पत्रं येऊ लागली. ज्यांनी वऱ्हाड पाहिलं नव्हतं ती माणसं ते गाणं ऐकून रडत होती. इथेही कौतुक करणारे पुष्कळ निघाले. ज्या कापड दुकानदाराने खोलीतल्या आवाजाबद्दल आजोबांकडे दोनदा तक्रार केली होती, तो आता गिऱ्हाइकाला सांगे, "आमच्या गल्लीतला पोरगा हाय. आमच्या डोयासमोर मोठा झाला." त्याने दुकानात तो मान खाली घातलेला फोटो लावला.

झीलकरी मात्र बिथरले. आपल्या ओट्यावर संध्याकाळी त्यांची बैठक भरू लागली. मी आतल्या खोलीत असे आणि खिडकी उघडी असे.

"काय बे, थे व्हायोलिन काहून घुसवलं तिथं?"

"फेमस झाला न भाऊ. आता त्याले आपली गरज नाई."

"मीबी तेच म्हनतो. आपलं उत्तर काढून टाकलं अन् प्रश्न तेवढा ठेवला."

"अरे पन गानं तं चांगलं हाय ना बावा. माया मावशीले पुण्यात आवडलं."

"तुया मावशीले आवडलं तं मावशीच्या घरी जाय न बयताडा!"

सगळे हसले. त्यात धामणगाव रेल्वेकडचा एक मुलगा होता, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा. तो त्या दिवशी हसला नाही. त्याच्या घरी कापूस होता आणि त्याच्या काकाच्या गावाचं नाव त्या चौकटीत येऊन गेलं होतं. तो म्हणाला, "पयलं गानं मी घरी लावलं का माय हासे. चुलीपासून वरडे, आमाले काय मालूम. आता हे लावलं तं थे उठून आत जाते."

मग तुमची आई म्हणाली, "आमच्याकडं रडाले मानसं हायेत. ह्याले कोनं बोलावलं होतं?"

मी स्वतः ते संथ गाणं दोनदा लक्ष देऊन ऐकलं. चाल चांगली होती. आवाज पूर्वीपेक्षा सुरात होता, शब्द स्पष्ट होते. नीट केलेलं काम होतं आणि मी तसं जेवताना म्हटलं. तुमच्या आईने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवली. आजोबा म्हणाले, "तुला गुण द्यायला कोणी सांगितलं होतं?"

थंडीत बातमी आली की अकोल्याला मोठा कार्यक्रम आहे. कंपनी त्याचं चित्रीकरण करणार होती. आपल्या मातीत परत आलेला गायक आणि त्याची माणसं, असं काहीसं. झीलकऱ्यांपैकी काही म्हणाले, जायचंच नाही. तुमची आई म्हणाली, जायचं, तिकीट काढून जायचं, पुढे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. टाळी नाही, शिट्टी नाही, झील नाही. हा निरोप गावोगावी गेला.

तो गाणाऱ्याच्याही कानावर गेला असणार, कारण कार्यक्रमाच्या आठवड्यात तो आपल्या घरी आला. नवं जाकीट होतं, पण चपला दाराबाहेर नेहमीच्या जागी, भिंतीला लावून काढल्या. "काकू, ती हाय काय?"

ती गच्चीवर होती. मी हाक मारली. ती खाली आली नाही, कठड्याशी येऊन उभी राहिली. तो अंगणात, ती वर, आणि मधे मी पाट्यावर वाटलेली चटणी भरणीत काढत होते, ते हातातलं काम सोडून उठून जाणं मला बरं वाटलं नाही.

"तुया वावरात पानी हाय ना रे?" ती वरून म्हणाली. "मंग रडून काहून राहिला?"

"कंपनीवाले म्हनले..."

"कंपनीवाले म्हनले तं वांगे उपटून कापूस लावशीन काय?"

"तुले काय वाटते, मले लय मजा येऊन राहिली? लोकं माया पाया पडतेत. मी म्हनतो माया बाप जिता हाय, तं त्यायले आवडत नाई."

"मंग सांगत काहून नाई?"

त्याने जाकिटाची चेन वर ओढली. मग म्हणाला, "अकोल्याले ये."

"येनारच हाय. तोंड नाई उघडनार."

"ये तं खरी. तीन कडवे झाले अन् झील नाई भेटली, तं मी गिटार खाली ठेवीन. माया आजा टाळ ठेवे तशी. मंग नाई उचलनार."

मला वाटलं ती काहीतरी मऊ बोलेल. ती म्हणाली, "ठेव," आणि आत गेली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, जवसाची हाय ना चटनी? वास आला." मी त्याला वाटीत दिली. त्याने ती उभ्यानेच खाल्ली आणि गेला. तो गमतीने बोलला नव्हता हे मला कळलं होतं. वरून तुमच्या आईलाही कळलं असावं, कारण त्या दिवशी तिने गच्चीवरून कपडे आणलेच नाहीत, ते मला आणावे लागले.

अकोल्याला मी तिच्याबरोबर गेले, कारण मुक्काम माझ्या भावाकडे होता. मैदान संध्याकाळीच भरलं होतं. पुढे खुर्च्या होत्या, त्यांवर शहरातली मोठी माणसं. त्यांच्या मागे दोरी, आणि दोरीमागे झीलकरी, एवढे की मला शेवट दिसेना. फाटकापाशी कंपनीची मुलं प्रत्येकाच्या हातात एक मेणबत्ती देत होती. मोठं गाणं लागलं की दिवे बंद होतील, तेव्हा सगळ्यांनी ती पेटवायची, असं सांगत होती. मेणबत्त्या मुंबईहून आणल्या होत्या. वऱ्हाडात त्या वर्षी लोक दुसऱ्या कशाला कंटाळले नसतील एवढे मेणबत्तीला कंटाळले होते, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

ड्रमवाला मंचावर होता. ज्या गावात त्याचं दुकान, तिथे तरी खरा ड्रम हवा, असं गाणाऱ्याने कंपनीला सांगितलं होतं म्हणे.

दिवे बंद झाले. पुढच्या खुर्च्यांत मेणबत्त्या लागल्या. व्हायोलिन यंत्रातून सुरू झालं आणि गाणाऱ्याने मान खाली घालून संथ गाणं धरलं. तो 'सारे इचारतेत, पुढं काय' इथे आला आणि व्हायोलिनने ती जागा भरून टाकली. दोरीमागे कोणी हललं नाही. तेवढ्यात मागून एक आवाज आला, चांगला खणखणीत, "घरीबी मेनबत्ती, इथंबी मेनबत्ती! लाइन लावा ना बावा!"

सगळं मैदान हसलं. खुर्च्यांतलीही काही माणसं हसली. गाणारा थांबला. त्याने मान वर केली, आणि त्याच्या तोंडावरही हसू होतं, मी पाहिलं. तो माईकमधून म्हणाला, "लाइन लावा. अन् थे व्हायोलिन बंद करा."

मंचाच्या कडेला धावपळ झाली. दिवे लागले, व्हायोलिन तुटलं. त्याने मागे वळून ड्रमवाल्याला काहीतरी विचारलं. ड्रमवाल्याने काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि जुनं गाणं सुरू झालं, जुन्या वेगात, मास्तरासकट, गणितासकट. माझ्या आजूबाजूची पोरं जागच्या जागी थरथरत होती, पण त्यांनी शब्द दिला होता आणि सगळ्यांचे डोळे तुमच्या आईकडे होते. ती हाताची घडी घालून उभी होती.

"सारे इचारतेत, पुढं काय?"

गिटार बंद. चार ठोके. कोणी बोललं नाही. एवढ्या माणसांची शांतता मी त्याआधी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकली होती.

दुसरं कडवं. पुन्हा चार ठोके, पुन्हा काही नाही. आता त्याचा आवाज थोडा फाटला होता. कंपनीचा माणूस कडेवरून हाताने खुणा करत होता, तू म्हण, तूच म्हण. ते सोपं होतं. स्वतःच उत्तर गायचं आणि पुढे जायचं. गाणाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मानेनेच नाही म्हटलं.

तिसरं कडवं सुरू करण्याआधी त्याने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला आणि गिटार नुसती हातात धरली. हे कशासाठी, ते झीलकऱ्यांना माहीत नव्हतं. ते तुमच्या आईला माहीत होतं आणि मला. त्याने कडवं म्हटलं, गिटार न वाजवता, नुसत्या ड्रमवर.

"सारे इचारतेत, पुढं काय?"

चार ठोके झाले. ड्रमवाला थांबला नाही. आणखी चार ठोके. गाणारा गिटार घेऊन वाकू लागला होता. तेव्हा माझ्या उजव्या बाजूने, अगदी जवळून, तो धामणगावचा मुलगा ओरडला, एकटा, बेसूर, "आमाले काय मालूम!"

मग दोरीमागून सगळेच. ज्यांनी शब्द दिला होता तेही. खुर्च्यांतून एक म्हातारे गृहस्थ उठून मागे वळून पाहू लागले, काय झालं म्हणून. गाणाऱ्याने गिटार पुन्हा गळ्यात घातली. त्याने तेच कडवं आणखी दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा त्या चार ठोक्यांत तो माईकपासून मागे सरला.

तुमच्या आईचे ओठ मिटलेले होते. मी तिच्या शेजारीच होते, त्यामुळे हे मला नक्की माहीत आहे. तो मंचावरून तिच्याकडे पाहत होता, आणि तिने त्याला झील दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. धामणगावचा मुलगाही त्याच डब्यात होता. मूर्तिजापूर गेल्यावर तुमची आई त्याच्या समोरच्या बाकावर येऊन बसली. मग म्हणाली, "काल तूच पयले फुटला."

"हो ताई."

"काहून?"

"त्यानं जागा ठेवली ना." मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. "स्वतः नाई म्हटलं त्यानं. मले वाटलं, आता कोनी नाई बोललं तं थो खाली बसते."

"विकलं होतं त्यानं गानं."

"विकलं तं विकलं. थे बाकीचं विकलं. आपली जागा काल वापस आनली."

"सीडीत तं व्हायोलिनच हाय."

"सीडीत राहू द्या."

तिने पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं त्याला दिलं. पुढे बडनेऱ्यापर्यंत दोघं परीक्षेबद्दल बोलले.

कंपनीने ते चित्रीकरण कधी दाखवलं नाही. संथ गाणं मात्र बरीच वर्षं लागायचं, विशेषतः कोणी पुढारी दौऱ्यावर आला की. गाणारा आणखी एका सीडीनंतर मुंबईला राहिला, आता मालिकांना संगीत देतो असं ऐकते. ड्रमवाल्याने अब्बांचं दुकान वाढवलं. तुमच्याकडे पाठवलेल्या रजया त्याच्याकडच्याच. ती मोकळी जागा असलेली जुनी कॅसेट माझ्याजवळ आहे, पण ती लावायला आता यंत्र नाही.

बडनेऱ्याला आम्ही उतरलो. अमरावतीसाठी गाडी बदलायची होती. तो मुलगा आतच राहिला, त्याला पुढे धामणगावपर्यंत जायचं होतं. फलाटावर मी पिशव्या मोजत होते. गाडी हलली तशी त्याने खिडकीच्या गजांतून ओरडून विचारलं, "ताई, पुढं काय?"

तुमची आई पिशवी खांद्यावर टाकून पुलाच्या पायऱ्यांकडे निघाली होती. ती थांबली नाही, मागेही वळली नाही. चालता चालता, कोणाला वेळ सांगावी तशा आवाजात, ती म्हणाली, "आमाले काय मालूम."

गाडीच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं की नाही, मला सांगता येणार नाही.